नालेसाठी घोडं

अकलूजच्या माणसाला खरेदी शिकवायला जाऊ नये. दिवाळीच्या सुमारास इथे घोडेबाजार भरतो. ज्याच्या घरची सायकलसुद्धा पंक्चर आहे, तोही तिथे घोड्याचे दात बघतो, भोवरे तपासतो आणि ‘मागच्या पायात दम नाही’ असा निकाल देऊन चहाला जातो. अशा गावात मी बॅटरीवर चालणारी खिळ्यांची गन घ्यायची ठरवली. सल्ल्यांचा दुष्काळ पडणं शक्यच नव्हतं.

निवृत्तीनंतर मी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम करतो. तिला मी एकदा ‘माझा कारखाना’ म्हणालो, तर लोक हसले. अकलूजमध्ये कारखाना म्हणजे शंकरनगरचा साखर कारखाना. बाकी सगळ्या शेडच. माझं उत्पादनही तसंच बेताचं : फोटोच्या चौकटी, चौरंग, प्लायच्या कडेला मारायच्या सागवानी पट्ट्या. अडचण एकच. डाव्या हातात पट्टी, उजव्या हातात हातोडी, मग पाऊण इंची चुका कुणी धरायचा? तो सौ. धरतात. हातोडी वर गेली की त्या डोळे मिटतात, आणि खाली आली की माझ्या माहेरच्यांचा उद्धार करतात. माणसाला माहेर नसतं, हे त्या क्षणी त्यांना सांगण्यात अर्थ नसतो.

आमचे मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, एफ-थर्टी घ्या. दोन-तीन हजारांत काम हुतंय.”

गन स्वस्त, हे खरं. पण ती हवेवर चालते. म्हणजे कंप्रेसर आला, पायात घोटाळणारी नळी आली आणि टाकी भरेपर्यंत होणारी थडथड आली. दुपारी दोन वाजता आमच्या आळीत कंप्रेसर लावणारा माणूस पुढच्या हळदीकुंकवापर्यंत बोलण्यात राहत नाही. शिवाय चार चुके मारायला एवढा सरंजाम काढायचा, तोवर लाइट जाते.

मग बॅटरीवाल्या गनांचा अभ्यास सुरू केला. काहींत मोटर एक जड चाक गरगर फिरवते आणि त्याच्या वेगावर आतली पाती खिळ्याच्या डोक्यात बसते. काहींत बंद नळकांड्यात दाबलेला वायू असतो. मोटर दट्ट्या मागे ओढते आणि सोडून देते. ही दुसरी जात बोट दाबताच उडते, पहिलीला आधी क्षणभर घुमायला लागतं. तिसरी जात गॅसच्या डबीवर चालते. पासलोड कंपनीने ती १९८६ मध्ये आणली. आत छोटासा स्फोट होतो म्हणे. घरात सिलिंडर बदलायला मी उठत नाही, म्हणून तो विषय सौ.नी तिथेच संपवला.

गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो. १६ गेज म्हणजे साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटर, १८ म्हणजे सव्वाच्या आसपास, २३ म्हणजे बिनडोक्याची टाचणीच. हलक्या कामाला १८ पुरतो. भोक इतकं लहान पडतं की लांबी भरून पॉलिश मारलं की पाहुण्यांना दिसत नाही. फक्त जुन्या बाभळीच्या नादी लागू नये. तिच्यात हा बारीक खिळा रेषेच्या मागे वळतो आणि कडेने, जिथे बोट असतं नेमका तिथे, डोकं काढतो.

वजनही बघावं. हवेची गन सव्वा-दीड किलोची, बॅटरीवाली बॅटरीसकट तीनच्या घरात. टेबलावर काही वाटत नाही, छताखालची पट्टी मारताना खांदा हिशेब मागतो.

इतका सगळा अभ्यास झाला, आणि निवड केली ती भलत्याच गोष्टीने. घरात ड्रिल मशिन होतं, त्याची १८ व्होल्टची बॅटरी होती, आणि त्या कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात शिरत नाही. खोगीर कुठल्याही घोड्यावर चढतं, इथे खोगिरालाही घराणं असतं. (दुकानात ‘२० व्होल्ट मॅक्स’ दिसलं म्हणून हुरळू नये. पाच सेल तेच असतात. भरल्या भरल्या मोजले की २०, कामाला लागले की १८.) बॅटरीशिवायची गन पुष्कळ स्वस्त पडते, असं दुकानदाराने सांगितलं. स्वस्त म्हणजे एफ-थर्टीच्या कितीतरी पट. नाल घरात पडली होती, घोडं घेऊन टाकलं.

मिस्त्री बघायला आले. गन हातात तोलली, नाक लाकडावर टेकवलं. नाक टेकल्याशिवाय ती उडत नाही, सिनेमातल्यासारखी तर नाहीच नाही. खट्. खिळा आत. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला.

“झ्याक हाय. पण गुरुजी, लाकूड धरतंय ते फेविकॉल. चुका नुस्ता राखणीला, वाळंस्तवर.”

“मग घ्यायला नको होती?”

“तसं न्हाय. सौ.च्या बोटांचा इमा काढलाय म्हणा.” आणि गन पिशवीत घातली. “दोन दिसांनी देतो.”

बॅटरी त्यांनी काढून माझ्या हातात दिली. त्याच कंपनीच्या दोन त्यांच्याकडे आधीपासून होत्या.

परवा त्यांचा फोन आला. “गुरुजी, खिळं संपलं. इकडं येताना दोन डब्या आणा, पाऊण इंची.”