नऊ टक्क्यांचे सर

पीएच.डी. करणाऱ्याला लोक विषय विचारतात, सर टक्के विचारतात. "किती आलं?" विद्यार्थी मान खाली घालून "तेवीस" म्हणाला, की सर डॉक्टरसारखे क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "उशीर केलास. आधीच आणायला हवं होतंस."

असे एक सर प्रत्येक विद्यापीठाच्या आवारात असतात. त्यांना 'वाङ्मयचौर्य' हा शब्द सोसत नाही. चोर रात्री येतो. सर जे काही करतात ते स्टाफरूममध्ये, भर दुपारी, चहा मागवून करतात.

यूजीसीचे 2018चे नियम त्यांना तोंडपाठ आहेत. प्रबंधाचं दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे 40पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा. 40 ते 60 असेल तर वर्षभर दुरुस्त प्रबंध द्यायलाही बंदी. 60च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. हे वाचून एखाद्याला धाक वाटला असता. सरांनी त्यातून एवढाच अर्थ काढला, की दहा टक्के आपल्या हक्काचे. तरी ते नवावरच थांबतात. "दहा म्हणजे हाव, शून्य म्हणजे संशय, नऊ म्हणजे व्यासंग."

योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्द चालतात, हेही त्यांनी त्याच नियमांतून हेरलं. तेव्हापासून ते उतारा बोटांवर मोजतात. चौदा शब्द दुसऱ्याचे, पंधरावा स्वतःचा. हा पंधरावा शब्द बहुधा 'तथापि' असतो.

देशभरचे प्रबंध 'शोधगंगा'वर खुले ठेवले, ते कोणी काय लिहिलं हे सगळ्यांना दिसावं म्हणून. सरांनी त्या वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. पण त्यांचा खरा सुवर्णकाळ युनिकोडच्या आधीचा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर माणसाला मराठी दिसतो, यंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. अख्खा प्रबंध उतरवला तरी साम्य तपासणाऱ्या यंत्राच्या अहवालात जुळत काही नसे. हल्ली ग्रंथपाल युनिकोडच मागतात. तेव्हापासून सरांचं ग्रंथपालांशी बोलणं तुटलं आहे.

मग त्यांनी शब्दकोश उघडला. ग्रामीण कादंबरीवरच्या एका प्रबंधात "शेतमजूर बैलगाडीतून बाजाराला गेला" असं साधं वाक्य होतं. सरांच्या हातून गेल्यावर "कृषिश्रमिक वृषभशकटातून पण्यस्थली प्रस्थान करता झाला." टक्के झपाट्याने उतरले. शेतमजूर कुठे गेला, हे मात्र व्हायवाला विद्यार्थ्यालाही सांगता येईना.

या विद्येत सर एकटे नाहीत. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक यांनी 2021 साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर शोधनिबंधांतली अशीच वाकवलेली भाषा उघडी पाडली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालं होतं, 'बिग डेटा'चं 'कोलॉसल इन्फर्मेशन', आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं चक्क 'बूझम पेरिल'. साम्य लपवायला बदललेले शब्दच चोरीचा माग देऊ लागले. ही हकिकत कोणीतरी सरांच्या कानावर घातली, तर ते गहिवरले. "म्हणजे आपलं काम आंतरराष्ट्रीय दर्जाचं आहे!"

सर आळशी आहेत असं मात्र कोणी म्हणू नये. एका परिच्छेदाचा चेहरामोहरा बदलायला ते दोन दोन दिवस घालवतात. एका धीट विद्यार्थ्याने एकदा विचारलं, "सर, उतारा अवतरणचिन्हांत घालून मूळ लेखकाचं नाव दिलं तर? रीतसर संदर्भ दिलेला मजकूर साम्यात धरतच नाहीत." सर खरोखर दुखावले. "सगळीकडे त्यांचीच नावं दिलीस, तर मग तुझं काय राहिलं?" हा प्रश्न किती मुद्द्याचा होता, हे त्या खोलीत फक्त सरांनाच कळलं नाही.

नियमानुसार ऋणनिर्देश तपासणीतून वगळलेला असतो. त्यामुळे तिथे सर शब्दकोशही उघडत नाहीत; मागच्या वर्षीचाच पुढे सरकतो. एका अविवाहित संशोधकाने त्यात पत्नीच्या त्यागाचा आणि दोन्ही मुलांच्या समजूतदारपणाचा भरल्या अंतःकरणाने उल्लेख केला. बाह्य परीक्षकांनी त्याला घरच्यांची खुशाली विचारली.

गेल्या वर्षी सरांच्या कारकिर्दीत पेचप्रसंग उभा राहिला. त्यांची एक विद्यार्थिनी ऊसतोड मजूर बायकांच्या ओव्या गोळा करायला हंगामभर फडाफडांतून हिंडली, कोप्यांमध्ये राहिली, बायकांना विचारविचारून अर्थ लावले आणि परत येऊन स्वतःच्या भाषेत प्रबंध लिहिला. अहवाल आला: दोन टक्के.

सरांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "दोनच?"

"हो सर. सगळं मीच लिहिलंय."

"ते दिसतंच आहे," सर काळजीने म्हणाले. "समिती म्हणेल, मुलीचं वाचनच नाही." त्यांनी खण उघडला आणि 'संशोधन : अर्थ, व्याख्या व स्वरूप' हे विभागातल्या प्रत्येक प्रबंधात मुक्काम करून आलेलं बारा पानी प्रकरण तिच्या हातात ठेवलं.

"हे सुरुवातीला घाल. बरोबर सात टक्क्यांचं आहे."