कशावरून?

अण्णांसमोर ‘आज पाऊस येईलसं वाटतंय’ असं सहज बोलून गेलात, तर संपलात. अण्णा चष्मा नाकावर खाली ओढतात आणि अत्यंत नम्रपणे विचारतात, ‘‘कशावरून?’’ ढगांवरून म्हणालात, तर ढगांचा रंग, उंची की वेग? गुडघा दुखतोय म्हणालात, तर कोणता, आणि याआधी तो दुखला तेव्हा कितीदा पाऊस आला? मग आवाज जरा खाली आणून हुकमी पत्ता : ‘‘आणि न दुखता कितीदा आला?’’ हा शेवटचा प्रश्न येईपर्यंत बहुधा पाऊस येऊन गेलेला असतो आणि आपण भिजलेले असतो.

अण्णा माझे पहिले साहेब. निवृत्तीनंतर योगायोगाने आमच्याच सोसायटीत, शेजारच्या विंगेत राहायला आले. त्यांचा सगळा जन्म यंत्रांना हे ‘कशावरून’ शिकवण्यात गेला. आवाज ऐकून, चित्र बघून यंत्राने वस्तू ओळखायची, हा त्यांचा धंदा. असा एक अण्णा त्या काळी प्रत्येक प्रयोगशाळेत असायचाच. खिशात सहा इंची फूटपट्टी, हातात जुनी डायरी आणि नजरेत सतत काहीतरी मोजत असल्याचा भाव. हा वाण 2012 च्या आधी पिकायचा. आता बियाणं मिळत नाही.

त्यांच्या विद्येला इंग्रजी नाव भारदस्त आहे, फीचर एक्स्ट्रॅक्शन. मला पहिल्या दिवशी त्यांनी ती समजावली ती अशी. कागदावर हाताने एक 7 काढला. ‘‘तुला हा सात दिसतो. यंत्राला काय दिसतं? 28 आडव्या, 28 उभ्या घरांची चौकट. म्हणजे 784 आकडे. कुठे काळं, कुठे पांढरं, कुठे करडं. आता यातलं कामाचं किती? वर एक आडवी रेघ, खाली एक तिरकी. बाकी भुसा. भुसा पाखडायचा आणि दाणे यंत्राच्या हातात द्यायचे.’’ काकू तेव्हा समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, ‘‘एवढ्यासाठी पगार देतात?’’

काकूंचं आणि ‘कशावरून’चं पहिल्यापासून वाकडं. दारावरची बेल वाजली की त्या आतूनच सांगतात, ‘‘इस्त्रीवाला आलाय.’’ ‘‘कशावरून?’’ ‘‘कळतं.’’ भाजीवाल्याच्या ढिगातली नेमकी कोवळी भेंडी त्यांच्या हाताला लागते. ‘‘कशावरून?’’ ‘‘कळतं.’’ लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत अण्णांना या बाईकडून एकही फीचर काढता आलेलं नाही. बाहेर यंत्रांना अक्कल वाटणाऱ्या माणसाच्या घरात ही अशी बंद पेटी. शेंडा मोडून बघितलेली, टोकं वाकवून बघितलेली, लांबी आणि जाडी यांचं गुणोत्तर काढून डायरीत लिहिलेली भेंडी अण्णांनी एकदा स्वतः आणली होती. जून निघाली. भाजीवाला अजून त्यांना लांबून बघितलं की टोपलीवर गोणपाट टाकतो.

म्हणींवरही अण्णांचा आक्षेप आहे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही त्यांना निम्मी मान्य आहे. खूण बरोबर निवडली आहे, नमुना फार लहान आहे, किमान तीस शितं घ्यायला हवी होती. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ म्हटलं की ते विचारतात, ‘‘पाय सगळ्याच मुलांचे दिसतात. पुढे काय झालं, याची नोंद कोणी ठेवली?’’

लोकांची आवडती सालं 1947 किंवा 1983 असतात. अण्णांचं आवडतं साल 1936. त्या वर्षी इंग्लंडात रोनाल्ड फिशरने आयरिस फुलांच्या तीन जाती घेतल्या, प्रत्येकीची 50 फुलं, आणि पाकळ्यांच्या व त्यांच्या बाहेरच्या दलांच्या लांबी-रुंदीची अशी फक्त चार मापं घेऊन जात ओळखायची रीत सांगितली. या विषयातला प्रत्येक विद्यार्थी आजही श्रीगणेशा या 150 फुलांवर गिरवतो. एक जात चटकन वेगळी पडते. उरलेल्या दोघी मात्र सख्ख्या जावांसारख्या, मापं एकमेकींत मिसळलेली. आणि त्याच 1936 साली आपल्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी दोन वस्तूंमधलं अंतर मोजायची नवी पट्टी दिली. अण्णा ती अशी समजावतात : ‘‘उंच माणसाच्या चपलेचा नंबर मोठाच असायचा. मग उंची मोजलीस आणि चप्पलही मोजलीस, तर एकच गोष्ट दोनदा मोजलीस. महालनोबिस म्हणतात, असं दुहेरी मोजू नको.’’ काकूंनी एकदा आदल्या महिन्याचा आणि त्याच्या आदल्या महिन्याचा असे त्यांचे दोन अपराध एका दमात काढले, तेव्हा अण्णांनी महालनोबिसांच्या आधारे दोन्ही मिळून एकच धरावा अशी विनंती केली होती. फेटाळली गेली.

पुतणीच्या लग्नाचं बघत होते तेव्हा गुरुजी पत्रिका घेऊन आले. अण्णा एकदम खुलले. ‘‘अरे, हा तर शुद्ध क्लासिफायर! फीचर्स आठ. वर्णाला 1 गुण, वश्याला 2, असं चढत चढत नाडीला 8. बेरीज 36, आणि 18 च्या वर गेलं की पास. वजनं आहेत, उंबरठा आहे, सगळं आहे. गुरुजी, एकच सांगा, ही वजनं कशावरून ठरवली?’’ गुरुजी म्हणाले, शास्त्र आहे. अण्णा म्हणाले, ‘‘असेल. पण न बघितलेल्या जोडप्यांवर तपासलंय का कधी?’’ गुरुजींनी दक्षिणा न घेता चप्पल घातली. पुतणीने नंतर स्वतःच जमवलं. कशावरून, हे तिला विचारण्याची हिंमत घरात फक्त अण्णांनी दाखवली. ‘‘काका, कळतं,’’ ती म्हणाली. काकूंनी तिला शिऱ्याची दुसरी वाटी दिली.

अण्णांच्या आयुष्याचं मुख्य काम मात्र देवनागरी. स्कॅन केलेलं पान यंत्राने वाचायचं. 1979 साली सिन्हा आणि महाबल यांनी देवनागरीच्या यंत्रवाचनावर लिहिलेल्या निबंधाची झेरॉक्स त्यांच्याकडे होती, पोथीसारखी लाल कापडात. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी असतात, आपली सगळी शिरोरेखेला लोंबकळलेली. म्हणून पहिलं काम ती रेघ शोधणं. ओळीच्या प्रत्येक आडव्या पट्टीत शाई किती ते मोजायचं. जिथे सगळ्यात जास्त, ती शिरोरेखा. ती पुसली की दोरी काढल्यावर वाळत घातलेले कपडे पडावेत तशी अक्षरं सुटी होतात. मग एकेकाची तपासणी, कान्यासारखी उभी रेघ आहे का, पोट डावीकडे आहे की मध्ये, भोकं किती, टोकं किती. आम्ही पोरं रात्र रात्र अक्षरांची भोकं मोजायचो.

देवनागरीनेही अण्णांची कमी परीक्षा पाहिली नाही. ‘ख’ जरा पसरट छापला की यंत्र त्याचे ‘र’ आणि ‘व’ करायचं. सखारामाचा सरवाराम झाला. ‘‘रफार आणि त्या ‘ऱ’च्या चंद्रकोरीत गल्लत झाली, तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होईल,’’ अण्णा बजावायचे. आणि मग ते प्रात्यक्षिक आलं. समोर मोठे साहेब बसलेले. भिंतीवरचीच एक पाटी टाइप करून यंत्राला वाचायला दिली होती : ‘साहेबांसमोर बोलताना भान राखा.’ स्कॅनर घरघरला, पडद्यावर अक्षरं उमटली : ‘साहेबांसमोर बोलताना मान राखा.’

साहेब बेहद्द खूश. ‘‘वा! यंत्राला रीतभातही कळते!’’ सगळे हसले, चहा मागवला गेला. एकटे अण्णा उभे राहिले. ‘‘सर, चूक झालीय. इथे मान नाही, भान आहे.’’ आणि फळ्यावर जाऊन त्यांनी सांगायला सुरुवात केली. भ आणि म यांत फरक तो केवढा, डोक्यावर शिरोरेखेत एक फट आणि लगत एक बारीक गाठ. ध आणि घ यांचंही तेच दुखणं. आपण सोय म्हणून शिरोरेखा पुसली आणि तिच्याबरोबर फटही गेली. गाठ शाईने भरली होती. ‘‘म्हणजे सर, जो भुसा म्हणून पाखडला, त्यातच दाणा होता.’’ चहा निवला. अण्णांचं प्रमोशन त्या वर्षी झालं नाही. कशावरून झालं नाही, एवढं मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

मग 2012 साल उजाडलं. बारा लाख फोटो दाखवून यंत्राला हजार प्रकारच्या वस्तू ओळखायला शिकवायची एक जागतिक स्पर्धा होती. कसलेल्या मंडळींनी जन्मभर घासूनपुसून काढलेली फीचर्स घेऊन जे दुसरे आले, त्यांना पाच अंदाजांतही बरोबर नाव सांगता न येण्याचं प्रमाण 26.2 टक्के. पहिले आले ते टोरांटोचे तिघे, क्रिझेव्हस्की, सुत्स्केव्हर आणि हिंटन. त्यांची चूक 15.3 टक्के. आणि त्यांनी एकही फीचर हाताने काढलं नव्हतं. नुसते फोटो आणि नावं पुढ्यात टाकली, खुणा यंत्राच्या बहुथरी जाळ्याने स्वतः शोधल्या. अण्णांनी त्या तिघांचा निबंध तीनदा वाचला. घरी सून आली आणि तिने सासूला न विचारता पुरण वाटलं, वर ते चांगलं झालं, तेव्हा सासूचा जो चेहरा होतो, तो मी त्या आठवड्यात बघितला.

पण चौथ्या वाचनात त्यांना एक आकृती सापडली. त्या जाळ्याच्या पहिल्या थराने काय शिकलं, ते त्यात छापलं होतं : बारीक बारीक रेघा, उभ्या, आडव्या, तिरक्या, आणि काही रंगांचे ठिपके. अण्णांनी डायरी उघडली. वीस वर्षांपूर्वी त्यांनी हाताने काढलेल्या रेघा, उभ्या, आडव्या, तिरक्या. ‘‘बघ,’’ ते म्हणाले, ‘‘पहिल्या थरात मीच बसलोय.’’ वरच्या थरांत कोण बसलंय, ते त्यांनाही सांगता येईना, आणि तीच त्यांची खरी जखम.

तिच्यावर फुंकर म्हणून ते लांडग्याची गोष्ट सांगतात. लग्नात, मुंजीत, एकदा तर दहाव्याला. 2016 साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम एक बिघडलेलं यंत्र घडवलं. त्याला दाखवलेल्या लांडग्यांच्या सगळ्या फोटोंत मागे बर्फ, हस्की कुत्र्यांच्या एकाही फोटोत बर्फ नाही. यंत्र झकास उत्तरं द्यायला लागलं. मग त्यांनी ते कुठे बघतंय हे उघड केलं, तर पठ्ठ्या प्राण्याकडे बघतच नव्हता, बर्फाकडे बघत होता! इथे अण्णा मांडीवर थाप मारतात. ‘‘म्हणून विचारावं, कशावरून!’’

या सगळ्याचा निकाल शेवटी स्वयंपाकघरात लागला. काकूंना फोनवर बोलताना कुकरच्या शिट्ट्यांची मोजदाद राहत नाही. अण्णांनी पण केला, शिट्ट्या यंत्र मोजेल. ओट्यावर जुना फोन ठेवला. आवाजाचे पंचवीस मिलिसेकंदांचे तुकडे, प्रत्येक तुकड्यातली कमी-जास्त पट्टीची ताकद, ती माणसाच्या कानाच्या रीतीने, खालचे सूर बारकाईने आणि वरचे ढोबळ, अशी गोळा करून शेवटी प्रत्येक तुकड्याचे तेरा आकडे. 1980 पासूनची नावाजलेली कृती. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी वॉचमनने गाडी मागे घ्यायला शिट्टी मारली, ती दुसरी. शेजारच्यांचा कुकर वाजला, ती तिसरी. फोनने टिंग केलं, अण्णांनी विजयी मुद्रेने गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही तूरडाळ चावून खाल्ली.

पुतणी रविवारी आली. तिने महिनाभराचे आवाज जाळ्याला खाऊ घातले, फीचर-बिचर काही काढलं नाही. यंत्र वॉचमनला फसेना, शेजाऱ्यांना फसेना. अण्णा गप्प. श्रावण आला, आणि एका सकाळी तेच यंत्र ढिम्म बसलं. कुकर कधीचा गॅसवर, आकडा शून्य.

‘‘कशावरून मोजत नाहीये?’’ अण्णांनी फोनवरून विचारलं. आवाजात वाढदिवसाची गोडी होती.

‘‘काका, ते तसं सांगता येत नाही. पुन्हा ट्रेन करून बघते.’’

‘‘रिंग गेलीये कुकरची,’’ काकू आतून म्हणाल्या.

मी अण्णांकडे बघितलं. ओठ हलले, पण या वेळी प्रश्न नुसता सवयीने बाहेर पडला, उत्तराची आशा नसलेल्या माणसाचा. ‘‘कशावरून?’’

काकूंचे हात कणकेत होते. त्या थोड्या थांबल्या. ‘‘अहो, शिट्टीच्या आधी कडेने फुसफुस करतोय ना केव्हापासून. वाफ सगळी तिथूनच जाते, मग शिट्टी काय कपाळ वाजणार? आठ दिवस झाले, तुम्हाला ऐकू आलं नाही?’’

स्वयंपाकघरात शांतता पसरली. कुकर फुसफुसत होता. अण्णांनी खिशातून डायरी काढली, चष्मा पुसला, पेनाचं टोपण दातांत धरलं. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. पानावर एक ते तेरा आकडे आधीच लिहिलेले होते. त्यांच्याखाली अण्णांनी चाळीस वर्षांचं अक्षर लावून, फूटपट्टीने शिरोरेखा ओढत, न पुसता येईल अशा शाईने लिहिलं : ‘14. फुसफुस.’