प्रॉक्सीमार्फत सोयरीक

आमच्या नात्यात लग्नं जमवणारे एक काका होते. दोन्हीकडची मंडळी गुडघ्याला गुडघा लावून बसली, तरी बोलणं काकांमार्फतच व्हायचं. मुलानं "मला नाटकं आवडतात" म्हटलं की काका मुलीकडच्यांना सांगणार, "मुलगा निर्व्यसनी आहे." त्यात खोटं काही नसे, पण निरोपही तो नसे. ऑफिसचा प्रॉक्सी सर्व्हर त्यांच्याच वळणावर गेलेला आहे.

साध्या वेबपानाचं त्याच्याशी छान जमतं. प्रश्न न्या, उत्तर आणा, मोकळे व्हा. वेबसॉकेटचं तसं नाही. डिसेंबर 2011मध्ये आरएफसी 6455 या क्रमांकानं त्याचे नियम ठरले. एकच कनेक्शन उघडं ठेवून दोघांनी वाटेल तेव्हा बोलावं, ही त्यातली मुभा. ती मिळवायची तर विनंती साधीच करायची आणि हेडरमध्ये 'अपग्रेड: वेबसॉकेट' घालायचं. सर्व्हर राजी असला तर 101 म्हणतो.

गंमत अशी, की हे हेडर नियमानंच पहिल्या मुक्कामापुरतं असतं. ज्या प्रॉक्सीला वेबसॉकेट कळत नाही, तो ते काढून घेतो आणि उरलेली विनंती पुढे धाडतो. म्हणजे आपण म्हणतो, "हिच्याशी जन्मभर बोलायचंय," आणि काका आत जाऊन सांगतात, "पाणी मागतोय." सर्व्हर बिचारा पाणी देतो: 200, सोबत एक अख्खं वेबपान. 101ची वाट बघणारा आपला प्रोग्राम ते पान पाहून आडवा.

यावर तोड आहे. पत्ता 'डब्ल्यूएसएस'चा घ्यायचा, प्रॉक्सीशी टीसीपी जोडायचं आणि म्हणायचं: 'कनेक्ट', पुढे सर्व्हरचं नाव, 443. शेवटी एक कोरी ओळ. ही कोरी ओळ राहिली तर प्रॉक्सीला वाटतं, याचं बोलणं अजून संपायचंय. तो थांबतो, आपणही थांबतो, आणि दोघंही सौजन्यानं टाइमआउट होतो. ओळ पोचली आणि त्यानं 200 म्हटलं, की पुढे त्यानं फक्त बाइट इकडचे तिकडे सरकवायचे. मग आत टीएलएस, आणि त्याच्याही आत अपग्रेडची विनंती. आधी काकांचा होकार, मग मुलीचा.

काका मात्र सहसा एकदम होकार देत नाहीत. आधी 407, म्हणजे "आपण कोणाचे?" नाव-पासवर्ड द्या. आता सुरक्षा विभागाच्या हट्टापायी पासवर्डात एखादं चिन्ह असावंच लागतं, आणि माणसं भक्तिभावानं '#' घालतात. प्रॉक्सीच्या यूआरएलमध्ये '#' दिसला की पत्ता तिथंच संपला असं पार्सर धरून चालतो, '#'च्या आधीचा अर्धा पासवर्ड पोर्ट नंबर म्हणून वाचतो आणि पोर्ट चुकीचा असल्याची बोंब ठोकतो. मग अख्खी टीम पोर्ट तपासते. पोर्ट बिनचूकच असतो. '%23' लिहा, प्रकरण मिटतं.

ब्राउझर हे सगळं आपलं आपण निस्तरतो, म्हणून तिथं चालतं आणि प्रोग्राममध्ये चालत नाही. नोडमधली 'डब्ल्यूएस' लायब्ररी तर प्रॉक्सीच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलकडे ढुंकूनही बघत नाही. तिच्या हाती वेगळा 'एजंट' द्यावा लागतो. मध्यस्थापर्यंत पोचायलाही मध्यस्थ!

नियम लिहिणाऱ्यांनीही या जमातीची धास्ती घेतलेली दिसते. क्लायंटनं पाठवलेली प्रत्येक फ्रेम चार बाइटांच्या किल्लीनं वेडीवाकडी करूनच जाते. गुप्ततेसाठी नव्हे, किल्ली सोबतच असते! मधल्या प्रॉक्सीनं आतला मजकूर नवी विनंती समजून भलतंच काही कॅशमध्ये साठवू नये, एवढ्यासाठी. एवढा अविश्वास मी रीतसर कागदावर दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही.

आणि एवढं करून सोयरीक जमली, तरी दोघं जरा गप्प बसली की मधल्याला वाटतं, फिसकटलं. सर्व्हरच्या बाजूचा एनजिनएक्स मूळ सेटिंगमध्ये 60 सेकंद शांतता सोसतो आणि दार लावून घेतो. म्हणून अधूनमधून पिंग पाठवत राहायचं.

परवा नेटवर्कवाले साहेब लॉग घेऊन आले. "हे तुमचं कनेक्शन दिवसभर उघडं असतं. एवढं बोलता तरी काय?"

"पिंग म्हणतो."

"आणि पलीकडून?"

"पाँग."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि वर मंजुरीसाठी पाठवलं.