खरकट्याची बादली आणि अठरा-आठ

नवं हॉटेल काढणारा माणूस जागेच्या भाड्यावर घासाघीस करतो, दुसऱ्याचा आचारी फोडून आणतो, मिसळीच्या मसाल्यावरून घरात भांडतो. काटे-चमचे त्याला आठवतात उद्घाटन तोंडावर आल्यावर. मग तो तुळशीबागेत जातो आणि सल्ल्याला एखादा रिकामटेकडा मित्र नेतो. आमच्या कंपूत ते मानाचं पद माझ्याकडे आहे.

दुकानदाराने दोन चमचे पुढे ठेवले. एक अठरा-आठ, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. दुसरा अठरा-शून्य, निकेल नाही, म्हणून स्वस्त. दिसायला जुळे भाऊ. मित्राने खिशातून चुंबक काढलं. चिकटेल तो स्वस्तातला, हे ज्ञान तो मोबाइलवरून मिळवून आला होता. दुकानदार मायेने हसला आणि त्याने तिसरा चमचा दिला. तोही चिकटेना! तो २०२ नंबरच्या स्टीलचा : निकेल थोडं, मँगनीज जास्त, चुंबकाला बेमालूम फसवणारा.

सुरीचं पोलाद आणखी निराळं. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होता. हाती लागलं ते सुऱ्यांच्या कामाचं. धार टिकायला ते कडक लागतं, त्यामुळे भारी सेटमधली सुरीसुद्धा चुंबकाला चिकटते आणि रात्रभर पाण्यात राहिली तर तांबूस ठिपके धरते. मिसळीच्या हॉटेलात अर्थात सुरी मागतो कोण? तिथे बघायचा तो चमच्याचा खोलगटपणा. उथळ चमच्यातली तर्री तोंडाआधी शर्टाला पोचते.

मी जड, गुळगुळीत अठरा-आठचीच बाजू घेतली. गिऱ्हाइकाच्या हाताला वजन जाणवलं की मिसळीचे दहा रुपये जास्त लावता येतात, असं माझं मत आहे. तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, चमचे गिऱ्हाईक नेत नाही, बादली नेते." ताटल्या झटकताना खरकट्याबरोबर चमचाही आत जातो. म्हणून मोठ्या हॉटेलांत बादलीच्या तोंडाशी चुंबक बसवतात. ते अठरा-शून्यला अलगद धरतं. महागडा अठरा-आठ त्याच्या नाकासमोरून पावाच्या तुकड्यांसोबत निघून जातो.

मित्राने सगळा माल अठरा-शून्यचा उचलला. शिवाय सहा चमचे अठरा-आठचे, मालकाच्या टेबलासाठी. ते म्हणे तो स्वतः विसळणार आहे.