फॉरमॅट मारा लागते!

माघ पौर्णिमा, 24 फेब्रुवारी 2024. दरेकसा स्टेशनवर उतरून माणसांचा लोंढा धनेगावच्या वाटेने कचारगडच्या गुहेकडे यात्रेला चालला होता. गडचिरोलीतले, छत्तीसगडातले, मध्य प्रदेशातले गोंड भाविक, हातात सप्तरंगी झेंडे. मी मात्र वाटेवरच्या मेहुण्याच्या ऑनलाइनच्या दुकानात बसलो होतो, कारण त्याचा कॉम्प्युटरही बसला होता. आणि समोर भाऊ.

प्रत्येक तालुक्यात असा एक भाऊ असतो. वय पंचविशीचं, गळ्यात पेनड्राइव्ह, खिशात स्क्रूड्रायव्हर. मशीन हळू चालतं? "व्हायरस आहे गा. फॉरमॅट मारा लागते." पंखा आवाज करतो? फॉरमॅट. एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तेव्हाही त्याने आधी फॉरमॅटच मारला होता म्हणे.

त्याआधी एक विधी असतो. डबा उघडायचा, फुंकर मारायची, रॅम उपसून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासायचे. मग त्याच हातांनी खर्र्याची पन्नी घोटायची. रॅमला दोन मिनिटं, खर्र्याला दहा. कशात जीव आहे ते दिसत होतं.

फॉरमॅट झाला. "डी ड्राइव्हले हात नाही लावला गा, टेन्शन नोका घेऊ." भाचीच्या बारशाचे फोटो डेस्कटॉपवर होते. होते.

आता नव्या कोऱ्या विंडोज टेनला अपडेट द्यायचे. गोल ठिपके फिरले आणि 80072एफ8एफ असा आकडा आला. भाऊने तो वाचायच्या आत बंद केला. मेसेज वाचणं हे त्याच्या लेखी गिऱ्हाइकाचं काम. ब्राउझर उघडला, तर तोही काहीतरी सांगू लागला. त्यालाही फुलीवर टिचकी.

"जंगलात नेट नाही खेचत गा."

दारात एक पोरगी यात्रेतून घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. तिचं नेट बहुधा दुसऱ्या जंगलातलं असावं.

मग भाऊने काळी खिडकी उघडली, अपडेटची सेवा थांबवली, 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' नावाच्या फोल्डरमधला माल उडवला. हा उपाय खोटा नाही बरं. अर्धवट उतरलेला माल सडला असेल तर हमखास गुण येतो. इथे सडायला काही उतरलंच नव्हतं. म्हणून दुसरा फॉरमॅट. तोच आकडा. "सेवन टाकू का? हलका असते." त्या सेवनचा आधार कंपनीने 14 जानेवारी 2020 लाच काढून घेतला होता, आणि जुन्या पेनड्राइव्हवरचं सेवन तर 2019 नंतरच्या अपडेटची सहीच ओळखत नाही, आधी तिची ओळख हाताने बसवून द्यावी लागते. मी नको म्हटलं. भाऊ जरा दुखावला.

तेवढ्यात कोरचीकडचे एक आजोबा यात्रेतला नातवाचा फोटो छापायला आले. नेट नसलं तरी छपाई चालत होती. मेहुण्याने पावती काढून दिली. आजोबांनी ती लांब धरली, जवळ धरली.

"भाऊ, यावर 2012 लिवला आहे."

कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. 1 जानेवारी 2012. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता; वीज गेली की मशीन आपल्या जन्मकाळाला परत जायचं. अपडेटचा सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवी, तर 2012 च्या मशीनला ते अजून जन्मालाच न आलेल्या माणसाच्या दाखल्यासारखं वाटे. म्हणून दार बंद. आणि घड्याळ पंधरा तासांहून जास्त चुकलं असलं, तर विंडोज ते सहसा आपण होऊन सुधारतही नाही. ब्राउझर मघाशी नेमकं हेच सांगत होता, 'तुमचं घड्याळ मागे आहे.' साध्या मराठीत. दोन्ही फॉरमॅटांनी सगळं पुसलं, पण तारीख पुसायला ती डिस्कवर थोडीच असते!

चंद्र पाहून कोरचीहून नेमक्या दिवशी आलेल्या माणसाने ती पकडली.

भाऊ क्षणभरच गप्प होता. "मी म्हटलाच होतो गा, हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे." टॉर्चच्या दुकानातून सीआर 2032 सेल आला, तारीख लावली, अपडेट सुरसुर उतरू लागले. आजोबा फोटो घेऊन गुहेच्या वाटेला लागले.

भाऊने दोन्ही फॉरमॅटचे पैसे घेतले. सेलचे वेगळे.