हा तर घेतलाय!

२०१५ साली नोआ स्ट्रायकर या अमेरिकन तरुणाने एका वर्षात ६,०४२ जातींचे पक्षी पाहिले. पुढच्याच वर्षी एका डच गृहस्थाने ६,८५२ पाहून त्याला मागे टाकलं. या दोघांच्या वाटेत सोसायटीची सर्वसाधारण सभा, मेव्हण्याच्या मुलीचं केळवण आणि धाकट्याची सहामाही आलेली दिसत नाही. मी मात्र पुण्यातला नोकरदार पक्षीवेडा. तरीही वर्षाची यादी करतो.

यादीचा नियम सोपा आहे. १ जानेवारीला पाटी कोरी. वर्षभरात एकेक जात एकदाच मोजायची. त्यामुळे ३१ डिसेंबरला ज्या कावळ्याला आपण हाकलतो, त्याचीच दुसऱ्या दिवशी पहाटे गॅलरीत वाट बघतो. पितृपक्ष सोडला तर कावळ्याला एवढा मान याच दिवशी. पहिले दोन महिने सुखाचे असतात. कवडीपाट, पाषाण तलाव, वेताळ टेकडी, सिंहगडाचा पायथा, भिगवणचे रोहित, एकेका रविवारी यादी भराभर वाढते. मार्चमध्ये पाहुणे पक्षी उत्तरेला निघतात आणि एप्रिलमध्ये यादी संपावर जाते. आमच्या ग्रुपमध्ये स्पर्धा अजिबात नाही. फक्त प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा पाठ असतो. मग कोणीतरी विषय काढतो, “उत्तरेला जाऊन यायचं का?” सातताल, पंगोट, चोपता असं करत करत बोट नकाशावर वर सरकतं आणि लडाखवर थांबतं.

मेच्या अखेरीस आम्ही लेहला उतरलो. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ, म्हणून आधी सक्तीची विश्रांती. खोलीत पडल्या पडल्या खिडकीतून दुर्बीण लावली. अंगणात तुरा उभारून हुदहुद चालत होता.

“हा घेतलाय,” ग्रुपमधल्या ज्येष्ठांनी पडूनच निकाल दिला. “जानेवारीत. पाषाणला.”

बाहेर पडल्यावरही तेच. पाणथळीत पिवळ्या डोक्याचा धोबी: घेतलाय. झुडपावर गळ्याचा निळा रंग मिरवत गाणारा शंकर: घेतलाय, भिगवणला. तिथे थंडीत तो लव्हाळ्यात लपून आमचा अंत बघतो, इथे समोर बसून मैफल करत होता. पण यादीत मैफलीचा रकाना नाही. पुढे पट्टकादंब दिसले. हे हंस हिमालय ओलांडून जातात आणि सात हजार मीटरच्या वर त्यांची उड्डाणं नोंदली गेली आहेत. त्यांच्यामागून आम्ही दिल्लीमार्गे, सामान पंधरा किलोंत बसवत आलो होतो. तेही घेतलेले.

रात्री घरी फोन केला.

“काय दिसलं मग?” बायकोने विचारलं.

“चक्रवाक.”

“तोच ना, कवडीला फेसात पोहतो तो?”

“हो, पण इथे स्वच्छ पाण्यात आहे. पिल्लांसकट.”

“पिल्लं वेगळी मोजतात का?”

“नाही.”

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. लडाखमध्ये रेंज जाते हे खरं, पण त्या वेळी गेली नव्हती.

नवीन काही मिळालंच नाही असं नाही. शे गावाजवळ सिंधूच्या पात्रात आयबिसबिल शोधला. हा राखाडी पक्षी राखाडी गोट्यांमध्ये राहतो आणि उगाच हालचाल करत नाही. “उजवीकडून तिसरा दगड बघा,” वाटाड्या म्हणाला. आम्ही सगळे तिसऱ्या दगडाकडे टक लावून बसलो. अखेर पाचवा दगड चालायला लागला. मग त्सो करच्या काठी, साडेचार हजार मीटरवर, काळ्या मानेच्या क्रौंचाची जोडी दिसली. स्कोपमध्ये प्रत्येकाने डोळा घातला, फोटो काढले, टिक केली. क्रौंच अजून चरतच होते तेवढ्यात ज्येष्ठ म्हणाले, “चला, पुढे काय?”

गाडीत बसल्यावर मला प्रकाश गोळे आठवले. पुण्यात १९८२ साली इकॉलॉजिकल सोसायटी उभी करणारे गोळे याच क्रौंचांच्या अभ्यासासाठी लडाखमध्ये येत. त्याच माणसाने पुण्याच्या घाण झालेल्या नदीवरच्या पक्ष्यांचाही अभ्यास करून १९८४ साली त्यावर लेख लिहिला. म्हणजे क्रौंच आणि फेसातली बदकं, दोन्हीकडे सारख्याच गंभीरपणे बघितलं. दुसरे रमणा आत्रेय. तेव्हा पुण्याच्या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रात होते, म्हणजे आकाशाकडे लक्ष ठेवण्याचा पगार मिळत होता. त्यांना १९९५ साली अरुणाचलात ईगलनेस्टला एक अनोळखी पक्षी दिसला. तो विज्ञानाला नवा आहे हे जगापुढे मांडलं २००६ साली, तेही पक्षी न मारता, पिसं, फोटो आणि आवाजाच्या आधारावर. तोच बुगुन लिओसिक्ला. एका पक्ष्यापायी अकरा वर्षं! आमच्या यादीत असा पक्षी अकरा वेळा पुसला गेला असता. अशी माणसं गावात असली की यादीवाल्यांना फार अवघडल्यासारखं होतं. हे मी ज्येष्ठांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “ईगलनेस्टला जायचं तर एप्रिल बरा.”

घरी आलो तर बायको वही घेऊन तयार. विमान, गाडी, हॉटेल, वाटाड्या आणि ऐनवेळी घेतलेली थर्मल हे सगळं तिने नव्या जातींच्या संख्येने भागलं. आयबिसबिलच्या वाट्याला आलेली रक्कम ऐकून मी पाणी प्यायलो. शिवाय तिने हुदहुद, शंकर आणि चक्रवाक खर्चाच्या बाजूला धरले होते, कारण ते ‘पुन्हा बघितले’.

“आणि हो,” वही मिटता मिटता ती म्हणाली, “तुम्ही नव्हतात तेव्हा खाली पार्किंगमध्ये एक पक्षी आला होता. हिरवा, निळा, शेपटीखाली लाल. दमून बसला होता. वॉचमनने त्याला पाणी ठेवलं.”

नवरंग! पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येणारा आणि प्रवासात थकून कधीकधी शहरातल्या बागांत उतरणारा नवरंग. माझ्या यादीत नसलेला. सगळ्या सोसायटीने बघितला. इस्त्रीवाल्यानेही.

“फोटो काढलास?”

तिने दाखवला. हललेला होता, पण नवरंगच. खाली मोबाइलच्या नोंदवहीत तिने स्वतःची यादी सुरू केली होती. १) नवरंग. खर्च: शून्य.

सध्या मी ताम्हिणीपर्यंतच्या पेट्रोलचा हिशेब करतोय. पावसात तिथे नवरंग शीळ घालतो म्हणतात. बायको सोबत येणार नाही म्हणाली. तिने तो घेतलाय.