सुटीतलं कोर्ट

मे लागला की मुंबई उच्च न्यायालय उन्हाळी सुटीवर जातं, आमचं नागपूर खंडपीठही जातं. सर्वोच्च न्यायालयाने तर २०२४ मध्ये नियम बदलून या सुटीला ‘अंशतः कामकाजाचे दिवस’ म्हणायचं ठरवलं. घरोघरच्या आयांना हसू आलं असेल. त्यांच्याकडे मे महिन्यात पूर्ण कामकाज असतं, रात्रपाळीसकट.

पारा ४५ला टेकला की दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नाही. दोन घरची, तीन नणंदेची, एक शेजारची (तिचं घर कोणतं, हे तिच्या आईलाही थेट जूनमध्ये आठवतं). सगळी एका खोलीत, एका कूलरसमोर. पहिला दावा तिथंच दाखल होतो: मधली जागा कोणाची? मोठा म्हणतो, मी मोठा. धाकटी म्हणते, मी लहान. दोघांचाही मुद्दा बिनतोड. ‘कूलरमध्ये पाणी मी भरलं’ असा तिसऱ्याचा अर्ज येतो. कूलरपेक्षा गादीवरच जास्त भरलेलं दिसतं, म्हणून फेटाळला जातो.

१ जुलै २०२४ पासून देशात दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. पोरांचं मात्र जुनं कलम अजून लागू आहे: ‘त्यानं आधी मारलं.’ त्यावर बचावही ठरलेला. ‘मी नुसता हात फिरवत होतो, मध्ये त्याचं तोंड आलं.’

यंदाचा गाजलेला खटला कुरडयांचा. पहाटे उठून चीक शिजवला, उन्हं चढायच्या आत गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घातल्या आणि राखणीला काठी देऊन दोघांना बसवलं. चोरालाच चावी देणं म्हणतात ते हेच. तासाभरात मधली अख्खी रांग गायब. अर्धवट वाळलेली, आतून लिबलिबीत कुरडई काय लागते हे ज्यानं खाल्लंय त्याला पुरावा लागत नाही, पण कोर्टाला लागतो.

‘कोणी खाल्ल्या?’

‘कावळ्यानं.’

‘कावळा असा ओळीनं खातो?’

‘शिस्तीचा होता.’

‘आणि ही तिखटाची डबी गच्चीवर कशी आली?’

इथं आरोपींनी एकमेकांकडे पाहिलं. शेजारची प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होती, पण एका कुल्फीवर फितूर झाली. आता ती म्हणते, कावळे दोन होते.

आंब्याचं प्रकरण किरकोळ. बैगनपल्लीच्या फोडी समान वाटता येतात, कोय एकच निघते. वाटणीसाठी बापाला नेमलं, तर तो कोय चोखतानाच सापडला. हितसंबंध उघड झाल्यानं त्याला पीठावरून उतरवलं.

हे सगळं जूनच्या मध्याला आटोपावं, तर तेही नशिबात नाही. उन्हापायी विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात. पुण्याच्या आया डबे भरू लागतात तेव्हा इकडे तारखा पडतच असतात.

मधल्या जागेचं अपील शेवटी आजीकडे गेलं. तिनं दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या, उठली, कूलरचं तोंड आपल्या खाटेकडे वळवलं आणि निकाल राखून ठेवून झोपी गेली.